कॉम पोर्ट : क्रमिक आणि आभासी

संगणक आणि बाहेरचे उपकरण यांच्यात एकाच तारेवरून बिटामागून बिट पाठवण्याची सोय म्हणजे क्रमिक किंवा सिरियल पोर्ट. विंडोजमध्ये त्याला कॉम१, कॉम२ अशी नावे मिळतात. लिनक्समध्ये हेच नाव ‘टीटीवाय’ने सुरू होते, तारेवरून टंकलेला मजकूर पाठवणारी टेलिटाइप यंत्रे गेली, नाव तेवढे उरले.

या पोर्टचे विद्युत नियम आरएस-२३२ या १९६० सालच्या मानकातून आले. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०, असा उलटा वाटणारा हिशोब आहे. आयबीएमच्या १९८४ च्या एटी संगणकापासून ९ पिनांचा जोड रूढ झाला. बाइटचे बिट सुटे करणे आणि आलेले पुन्हा जुळवणे हे काम यूएआरटी चिप करते. ताल धरायला वेगळी तार नसल्याने दोन्ही टोकांना वेग आधीच ठरवावा लागतो. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला ८ डेटा बिटांच्या मागेपुढे स्टार्ट आणि स्टॉप असे एकेक बिट धरले, तर जेमतेम ९६० बाइट जातात. वेग जुळला नाही की पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात, आणि लोक विनाकारण केबल बदलत बसतात.

लॅपटॉपवरून ९ पिनांचे पोर्ट गेले, पण वजनकाटे, सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू-लाकूड कापणारी) यंत्रे आणि त्यांचे जुने प्रोग्रॅम राहिले. इथे आभासी पोर्ट कामी येतो. यूएसबी कन्व्हर्टरमधली एफटीडीआय किंवा सीएच३४० चिप आणि तिचा ड्रायव्हर मिळून कॉम३ उभा करतात. प्रोग्रॅमला फरक कळतही नाही. ब्लूटूथवरही असा पोर्ट मिळतो. कॉम०कॉमसारखे सॉफ्टवेअर तर तारेशिवाय पोर्टची जोडी बनवते : एकात लिहिलेले दुसऱ्यातून वाचता येते.

खरी डोकेदुखी क्रमांकाची. चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसेल, तर कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातल्यावर विंडोज त्याला नवे उपकरण समजते. कालचा कॉम३ आज कॉम७ होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो बदलता येतो. शिवाय साधारणपणे एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा.

विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळापासून कॉम१, कॉम२ ही नावे राखीव आहेत. एकही पोर्ट नसलेल्या संगणकावर विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये, रोमन अक्षरांत, ‘कॉम१’ नावाचे फोल्डर करून पाहावे, होत नाही.