ब्लेडची डेप्थ वेगळी, प्रेशर वेगळं. एकदाच नीट लिहून टाकते

कॉम्प्युटरवरच्या डिझाइनप्रमाणे ब्लेडने कागद कापणारं नवीन कटिंग मशीन घरी आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रश्न येतोच, "कार्डपेपर आरपार कापला जात नाहीये, काय करू?" आणि लगेच कोणीतरी सांगतं, "सेटिंग वाढव की!" अरे पण कुठलं? डेप्थ की प्रेशर? बऱ्याच जणांच्या डोक्यात ही दोन्ही "जास्त कापायची बटणं" असतात, मग दोन्ही फुल्ल करायची आणि नंतर मॅट (कागद ज्यावर चिकटवतो ती खालची शीट) चिरली म्हणून रडत बसायचं. मीही रडलेय. ब्लेड १० वर, फोर्स (म्हणजे प्रेशरच) ३३ वर, दोन्ही फुल्ल ठेवून फुलपाखरं कापली होती, त्या मॅटवर अजून सगळी फुलपाखरं मोजता येतात.

प्रेशर समजावून सांगायची गरज नाही. हातात कटर धरून आपण जोर लावतो, तोच जोर इथे मशीन लावतं आणि सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलला की कमीजास्त होतो. झालं.

घोळ आहे तो डेप्थचा. डेप्थ म्हणजे होल्डरच्या (ब्लेड ज्यात बसतं त्या नळीच्या) तोंडातून ब्लेडचं टोक किती बाहेर आलंय ते, बास. त्याचा जोराशी संबंध नाही, ती हद्द आहे. कापताना होल्डरचं तोंड कागदावर टेकतं आणि एकदा टेकलं की ब्लेड त्याहून खाली जाऊच शकत नाही, तुम्ही वरून कितीही दाबा. म्हणजे कागद ०.३ मिमी जाड आणि ब्लेड बाहेर ०.२ मिमी, तर फोर्स १५ काय आणि ३३ काय, कागद कापला जाणारच नाही, वाढवलेला सगळा जोर त्या टेकलेल्या तोंडावर जातो आणि कागदावर नुसती चकचकीत रेघ उठते. ती चकचकीत रेघ दिसली ना, की प्रेशरला हात लावू नका, ब्लेड एक आकडा बाहेर काढा.

उलटं पण होतं. ब्लेड गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलं की लोकांना वाटतं बरं झालं, आता नक्की कापेल. कापतं, पण घाण कापतं. हे ब्लेड ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं फिरतं, मशीन पुढे ओढतं आणि ब्लेड मागून वळतं, त्यामुळे कोपऱ्यावर त्याला वळायला थोडी जागा लागते. जास्तीचा भाग कागदातून मॅटमध्ये रुतला की वळताना अडकतं आणि कोपरे उचकटतात, बारीक अक्षरांच्या आतले गोल फाटतात. मग लोक म्हणतात ब्लेड बोथट झालं, नवीन लावतात, तेही १० वर! (बोथट म्हणण्याआधी होल्डर उघडून आत कागदाचा भुगा अडकलाय का ते बघा, ब्लेड मोकळं फिरलं नाही तरी कोपरे असेच फाटतात.)

आता आकड्यांचं. सिल्हूट कंपनीच्या मशीनच्या, हाताने फिरवून डेप्थ बदलायच्या रॅचेट ब्लेडवर १ ते १० आकडे असतात, एक आकडा म्हणजे साधारण ०.१ मिमी. प्रिंटरचा साधा ८० जीएसएम कागद असतो ०.१ मिमीच्या आसपास, म्हणून त्याला १, फार तर २. अडीचशे जीएसएमचा कार्डपेपर साधारण ०.३ मिमी, त्याला ३ किंवा ४. कागद कापून मॅटवर अगदी केसाएवढी रेघ उठली की डेप्थ बरोबर. मग डेप्थला कुलूप लावलंय असं समजायचं आणि पुढचं सगळं प्रेशरने जुळवायचं. रेघ बरोबर आहे पण मधेमधे धागे राहिलेत, तर प्रेशर दोन-तीनने वाढवा. तरी नाही झालं तर मी दोन पास देते, म्हणजे त्याच रेघेवरून दोनदा कापते, प्रेशर ३३ वर नेत नाही. वेळ जातो पण कड स्वच्छ येते. फक्त मॅटचा चिकटपणा शाबूत हवा, नाहीतर दुसऱ्या पासला कागद सरकतो.

स्पीडबद्दल एवढंच, नाजूक डिझाइनला कमी ठेवा.

गोंधळाचं मूळ माझ्या मते व्हिडिओंमध्ये आहे. लोक एका मशीनचा व्हिडिओ बघून दुसऱ्या मशीनवर तेच करायला जातात. क्रिकट या दुसऱ्या कंपनीच्या एक्सप्लोर मशीनमध्ये नेहमीच्या फाइन पॉइंट ब्लेडची डेप्थ तुम्हाला बदलताच येत नाही, तिथे मटेरियल निवडायचं आणि प्रेशर कमी, नेहमीचं किंवा जास्त एवढंच हातात. त्यामुळे त्या मशीनवाल्याने "प्रेशर वाढवा" म्हटलं तर त्याच्यापुरतं ते बरोबरच आहे, तुमच्या रॅचेट ब्लेडला ते अर्धंच लागू. आणि सिल्हूटचं ऑटोब्लेड असेल तर कापायच्या आधी ते ठकठक आपटतं, तेव्हा घाबरून प्लग काढू नका, ते आपटून स्वतःची डेप्थ सेट करत असतं.

स्टिकर कापताना मात्र डेप्थ किती कामाची ते कळतं. वरचा थर कापायचा, खालचा बॅकिंग पेपर अख्खा ठेवायचा, म्हणजे ब्लेड वरच्या थराएवढंच किंवा कणभर जास्त बाहेर हवं. इथे ब्लेड ५ वर ठेवून प्रेशर कमी करत बसणारे लोक बघितले की हसू येतं, मॅट जरा वरखाली असली की एक स्टिकर आरपार आणि शेजारचा अर्धवट. ब्लेड १ वर घ्या, कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण कापून बघा आणि नखाने सोलून पाहा. त्रिकोण निघाला, मागच्या कागदावर हलका ओरखडा दिसला पण तो फाटला नाही, तर लावा पूर्ण शीट.