सोलापूरचा वळीव आणि कोल्हापूरचा कॅमेरा

मे महिन्यात सोलापूरकर दिवसभर उन्हाचे चटके सोसतो आणि सायंकाळी वळवाचे ढग बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढतात. गडगडाट, धुळीचे लोट, चार सरी आणि हमखास गेलेली वीज, एवढाच हिशेब आपण ठेवतो. ढगाच्या मुसंडीने मात्र वरची स्थिर हवाही उचलली जाते. भोवतालच्या हवेपेक्षा जड ठरल्याने ती खाली येते, वेगाच्या भरात मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर ढकलली जाते. या हेलकाव्यांतून पसरणाऱ्या लहरी म्हणजे गुरुत्व-लहरी. (औंढा नागनाथजवळ ज्यांच्यासाठी वेधशाळा व्हायची आहे, त्या गुरुत्वीय लहरी अगदी निराळ्या, नावांतले हे साम्य त्रासदायकच आहे.)

वर जावे तशी हवा विरळ होते आणि तेवढ्याच ऊर्जेत लहरीचा झोका मोठा होत जातो. सुमारे 87 किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असते. नेमक्या त्याच उंचीवर ओझोन आणि हायड्रोजनचे अणू यांच्या अभिक्रियेतून उत्तेजित (जादा ऊर्जा असलेले) हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजनच्या एकेका अणूची जोडी, तयार होते व रात्रभर मंद अवरक्त प्रकाश सोडत राहते. ही वायुदीप्ती. तिच्या थोडे वर, 97 किलोमीटरच्या आसपास, ऑक्सिजनचे अणू 557.7 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतात. लहर थरातून जाताना हवा दाबली जाते, पसरते, तिचे तापमान बदलते आणि दीप्ती कमीजास्त होते.

हा बदल टिपणाऱ्या कॅमेऱ्याला अख्खे आकाश सामावणारे मत्स्यनेत्री भिंग, ठरावीक तरंगलांबीचा फिल्टर आणि थंड ठेवलेला संवेदक लागतो. एकच चित्र पाहिले तर निराशा होते : काळ्या वर्तुळात तारे, आकाशगंगेचा पट्टा, कडेला शहराच्या दिव्यांचा उजेड. लागोपाठच्या चित्रांतील फरक काढला, की नांगरलेल्या रानातल्या सऱ्यांसारखे समांतर पट्टे उमटतात, फक्त दोन सऱ्यांतले अंतर दहा-वीस किलोमीटर वा त्याहूनही जास्त असते. पट्टे वर्तुळाकार असतील, तर त्यांच्या केंद्राखाली बहुधा एखादे वादळ सापडते.

ढगाखाली उभ्या असलेल्या सोलापूरकराला यातले काहीच दिसत नाही. कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर दूर आहे आणि तिथून अशा कॅमेऱ्यांनी निरीक्षणे झालेली आहेत. सोलापूरच्या डोक्यावरचा दीप्तिथर तिथून क्षितिजापासून सुमारे 20 अंशांवर येतो, तर ढगाचा माथा जेमतेम तीन-चार अंशांपर्यंत पोहोचतो. म्हणजे नजर वादळाच्या वरून पार जाते. अट एवढीच, की रात्र चांदण्याची नसावी आणि कोल्हापूरचे आकाश निरभ्र असावे, आणि मे महिन्यात वळीव तिथेही पडतो.