वैद्यकीय चाचणी

वैद्यकीय चाचणी : एखादे औषध, लस, शस्त्रक्रिया किंवा तपासणीची रीत माणसाला खरोखर उपयोगी पडते का, आणि अपाय करते तो किती, हे आधी लिहून ठरवलेल्या आराखड्यानुसार माणसांवरच पडताळून पाहण्याची पद्धत. मराठीत या शब्दाने थोडा घोटाळा केला आहे. रक्त-लघवीच्या तपासणीलाही आपण चाचणीच म्हणतो. करोनाच्या काळात तर ‘चाचणी केली का?’ म्हणजे नाकात काडी घालून घेतली का, एवढाच अर्थ उरला होता. त्यामुळे ओपीडीत ‘तुम्हाला एका चाचणीत घ्यायचंय’ म्हटले, की पेशंट बाही वर सारून हात पुढे करतो. म्हणून डॉक्टर ‘ट्रायल’ किंवा ‘स्टडी’ म्हणतात. बाहेरच्या बाकड्यावर त्यालाच ‘प्रयोग’ म्हणतात. या नोंदीत चाचणी म्हणजे ट्रायल, आणि जवळची उदाहरणे सोलापूर परिसरातली.

उपचार आणि चाचणी यांतला फरक नीट धरला पाहिजे. उपचारात डॉक्टर समोरच्या एका माणसाला बरे करायला बघतो. चाचणीत तो एका प्रश्नाचे उत्तर शोधत असतो आणि समोरचा माणूस त्याला त्यात मदत करत असतो. म्हणूनच दोन उपचारांपैकी सरस कोणता हे खरोखर माहीत नसेल, तरच चाचणी न्याय्य ठरते. उत्तर आधीच ठाऊक असताना निम्म्या लोकांना कमअस्सल औषध देणे ही चाचणी नव्हे, अन्याय आहे.

चाचण्या वैद्यकीय महाविद्यालयांतही होतात. विद्यापीठ म्हटले की सोलापूरकराला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आठवते. वैद्यकीय पदव्या मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. शहरातले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३चे. त्याला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयाला गाव अजून ‘सिव्हिल’च म्हणते. अशा कोणत्याही महाविद्यालयात एमडी, एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टराला प्रबंध लिहावा लागतो, आणि पुष्कळ प्रबंधांच्या मुळाशी एखादी लहानशी चाचणी असते : भूल देताना या औषधाची मात्रा बरी की त्या, जखम या टाक्यांनी लवकर भरते की त्या. नवे औषध बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या चाचणीपेक्षा ही जात वेगळी. चाचण्यांविषयीच्या केंद्र सरकारच्या २०१९च्या नियमांत तिला शैक्षणिक चाचणी म्हणून स्वतंत्र जागा आहे. मंजूर असलेलेच औषध नव्या कारणासाठी किंवा नव्या मात्रेत वापरून पाहायचे असेल आणि निष्कर्ष विक्रीच्या परवान्यासाठी वापरायचे नसतील, तर नैतिकता समितीच्या, म्हणजे चाचणीतल्या माणसांचे हित जपणाऱ्या समितीच्या, मंजुरीवर ती करता येते.

चाचणीचा सगळा जीव तुलनेत असतो. शंभर जणांना औषध दिले आणि सत्तर बरे झाले, यावरून काहीच सिद्ध होत नाही; त्यातले साठ कदाचित नुसत्या विश्रांतीनेही उठून बसले असते. म्हणून दोन गट हवेत, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नको. सोमवारी येतील त्यांना हे औषध, मंगळवारी येतील त्यांना ते, अशी सोपी वाटणी केली तर काय बिघडते? बिघडते. बाजाराच्या दिवशी खेड्यातून एसटीने येणारा पेशंट आणि इतर दिवशी पेठेतून चालत येणारा पेशंट यांचे वय, आजाराची मजल आणि घरची परिस्थिती सारखी नसते. मग फरक औषधाचा की बाजाराचा, हे कळायला मार्ग राहत नाही. यावरचा साधा उपाय म्हणजे पाकिटे. यदृच्छेने, म्हणजे नाणे उडवल्यासारखी निव्वळ योगायोगाने, तयार केलेल्या यादीप्रमाणे प्रत्येक पाकिटात एकेक चिठ्ठी घालतात, वर क्रमांक टाकतात आणि पाकिटे कपाटात बंद ठेवतात. पेशंटने होकार दिला, केसपेपरवर नाव चढले, की मगच पुढच्या क्रमांकाचे पाकीट फोडायचे. पाकीट जाड, आरपार न दिसणारे लागते. कारण ट्यूबलाइटसमोर धरून चिठ्ठी वाचण्याचा आणि ‘या आजीबाईंना नवं औषधच मिळू दे’ म्हणून पाकीट बदलण्याचा मोह चांगल्या मनाच्या डॉक्टरलाच आधी होतो.

कोणाला काय मिळाले हे पेशंटलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशी सोय केली तर तिला दुहेरी अंधत्व म्हणतात. दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी ती प्लासिबो. मात्र त्या आजारावर गुणकारी औषध आधीपासून असेल, तर तुलना सहसा त्याच्याशी करायची. रिकाम्या गोळीशी नव्हे.

ही रीत एका दिवसात घडली नाही. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या वैद्याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर सुधारली. मुंबईत प्लेग भडकला असताना जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. यदृच्छ वाटणीचा आधुनिक नमुना म्हणून क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीकडे बोट दाखवतात. त्यानंतर मद्रासमध्ये १९५६ला सुरू झालेल्या चाचणीने क्षयाचा पेशंट दाटीच्या घरात राहूनही गोळ्यांनी बरा होतो हे दाखवले, आणि सॅनिटोरियमची, म्हणजे क्षयरोग्यांच्या वेगळ्या आरोग्यधामाची, सक्ती जगभर ढिली पडत गेली.

सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर सर्वांत मोठे उदाहरण बार्शीचे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भारतातली अशी ही पहिली नोंदणी. हेच रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका तीत होत्या. इथे पाकिटे बाईगणिक फोडली नाहीत. एका सुनेची तपासणी करायची आणि शेजारणीला नाही म्हणायचे, हे गावात चालणे शक्य नव्हते. म्हणून गावांचे ५२ समूह करून समूहच चार गटांत वाटले : एकात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची), तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४, तर चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४ या कर्करोगाने दगावल्या. उरलेल्या दोन पद्धतींत मृत्यूंची एवढी ठळक घट दिसली नाही. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला मराठवाड्यातल्या गावांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली.

या चाचणीवर टीकाही झाली, आणि ती गैरलागू नाही. चौथ्या गटाला काहीच तपासणी का नव्हती? संशोधकांचे उत्तर असे, की तेव्हा देशात अशी तपासणी सरसकट होतच नव्हती. नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणेच. उत्तर खरे आहे. पण ते ६४ मृत्यू तुलनेच्या रकान्यातले आकडे म्हणून वाचताना कोणालाही जड जावे.

कंपनीचे नवे औषध टप्प्याटप्प्याने पुढे जाते. पहिल्या टप्प्यात थोड्याच, बहुधा निरोगी, लोकांवर मात्रा आणि सुरक्षितता. दुसऱ्यात त्या आजाराच्या काहीशे पेशंटांवर गुण. तिसऱ्यात शेकडो ते हजारोंवर तुलना. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावरचा.

संमती हा सोलापुरातला खरा अवघड भाग. कायद्याने माहितीपत्रक पेशंटला समजेल अशा भाषेत लागते. इथे एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. शहराच्या पूर्वभागातली विडी वळणारी एखादी बाई घरी तेलुगू बोलते, मराठी बाजारापुरती येते, आणि तेलुगू लिपी कधी शिकलेलीच नसते. तिच्या हाती तेलुगूत छापलेला कागद देऊन नियम पाळला जातो, काम होत नाही. तो वाचूनच दाखवावा लागतो. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार शेवटपर्यंत हजर असावा लागतो. मग स्टॅम्पपॅडवर अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही. ‘तुम्हीच सांगा डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल ते’ हे वाक्य इथे फार ऐकू येते. ते विश्वासाचे आहे, संमतीचे नाही. नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, आणि मधूनही सोडून जाता येईल, हे त्या वेळी तोंडाने सांगणे म्हणूनच महत्त्वाचे.

हे नियम अनुभवाच्या चटक्यांतून आले. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता आली, १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा; दोन्ही माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचे. तरीही अमेरिकेत टस्कीगीला कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता बघत बसण्याचा अभ्यास १९३२पासून १९७२पर्यंत चाललाच. आपल्याकडे २०१०मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यातला मुलींच्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. काही ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे निघाले. आजच्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत कायदा जाणणारा व एक सामान्य नागरिकही असतो. चाचणीत गंभीर अपाय झाला तर २४ तासांच्या आत कळवावे लागते, उपचार फुकट द्यावे लागतात, आणि चाचणीमुळेच अपाय झाला असेल तर भरपाई.

चाचणी कागदावर कितीही चोख असली, तरी पेशंट पुन्हा तपासणीला यावा लागतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आषाढीला वारी. त्या दिवसांत फॉलोअपचे रकाने रिकामे राहतात. बरा झालेला येत नाही आणि फार बिघडलेला दुसरीकडे जातो. उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. म्हणून ज्याच्या नावाने जे पाकीट निघाले, त्याचा हिशोब शेवटपर्यंत त्याच गटात धरतात, मग त्याने गोळ्या अर्ध्यात सोडल्या असोत.

भारतात चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली. १५ जून २००९पासून औषधांच्या चाचण्यांना तीत नोंद सक्तीची आहे. सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकात वर्ष आणि महिना असतो, आणि संकेतस्थळावर तो टाकून कोणालाही मूळ आराखडा फुकट वाचता येतो. पहिला पेशंट घेण्याआधी नोंद हवी, एवढ्यासाठी की काय मोजणार होतो ते नंतर सोयीने बदलता येऊ नये. प्रबंध मात्र परीक्षा झाली की रेक्झिनच्या बांधणीत ग्रंथालयात जातो. अंगठा दिलेल्या बाईला तिच्या पाकिटात काय होते आणि शेवटी काय निघाले हे कळवायला सहसा कोणी जात नाही.