टेबलटॉप वॉरगेममधलं सामुराई सैन्य

मिनिएचर (सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती), फासे आणि मोजपट्टी घेऊन जपानी फौज टेबलावर उतरवायची, तर तिची ताकद आणि वागणं नियमांत कसं बसवायचं, हा या नोंदीचा विषय. अडचण अशी की 'सामुराई' हा एकच शब्द साधारण दहाव्या शतकापासून 1615 च्या ओसाका वेढ्यापर्यंतच्या सगळ्या फौजांना लावला जातो आणि त्या फौजा एकमेकींसारख्या नव्हत्या.

कामाकुरा काळातला (साधारण 1185–1333) सामुराई म्हणजे आधी घोड्यावरचा तिरंदाज. चौदाव्या शतकात लढवय्ये बक्षीस मागायला जखमांची यादी द्यायचे, ते कागद शिल्लक आहेत, इतिहासकार थॉमस कॉनलन यांनी ते मोजले तेव्हा सत्तर टक्क्यांहून जास्त जखमा बाणांच्या निघाल्या (अर्थात हे जगलेल्यांचे आकडे, हाताघाईत जागीच मेलेले यात कमी येणार). तरी कितीतरी रूल्समध्ये तलवारीला जादा गुण आणि धनुष्य आपलं नावापुरतं, हा अन्यायच आहे. 1274 च्या मंगोल स्वारीत सामुराई आपलं नाव पुकारून एकेकटे पुढे जायचे म्हणून काही रूल्स 'द्वंद्वाचं आव्हान' सक्तीचं करतात, पण ती गोष्ट मुख्यतः 'हाचिमान गुदोकुन' या, हाचिमान देवाची महती सांगणाऱ्या ग्रंथातली आहे, तेव्हा तो नियम ऐच्छिक ठेवलेला बरा.

सगळ्यात जास्त वाद नागाशिनोच्या लढाईचा (1575). बडा सरदार ओडा नोबुनागाच्या 3000 बंदुका, तीन रांगा, आळीपाळीने बार आणि शत्रूपक्षाच्या ताकेदा घराण्याच्या घोडदळाचा खातमा, हे चित्र इतकं पक्कं बसलंय की बंदूकधारी अशिगारूंना (साध्या पायदळ शिपायांना) दर डावात न थांबता गोळीबार देणारे नियम त्यातूनच आले. पण नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीच्या वृत्तांतात तीन रांगा नाहीत. त्याच्या एका हस्तलिखितात 'हजार'च्या शेजारी बारीक 'तीन' घुसवलेला दिसतो, तो कोणी आणि कधी लिहिला यावर एकमत नाही, आणि इतर प्रतींत हजारच आहेत. तीन रांगांची गोष्ट पुढे ओझे होआन या लेखकाने सांगितली आणि मेइजी काळात (1868–1912) लष्कराच्या इतिहासातून ती सगळीकडे गेली. फुजिमोतो मासायुकी वगैरे अभ्यासक ती मानत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण ओताच्या मते लढाई सूर्योदयापासून दुपारी दोनच्या सुमारापर्यंत चालली, म्हणजे एका बारात फौज कापली गेली नाही, मेढेकोटापुढे तासन्‌तास झिजली. म्हणून आडोशामागच्या बंदुकांना बचावाचा फायदा द्यावा, दुप्पट मारा देऊ नये.

घोडदळाचंही तसंच. उत्खननात सापडलेले मध्ययुगीन घोडे खांद्यापाशी साधारण 130 सेंमी, म्हणजे तट्टूच. लुइस फ्रॉइस (हा जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक, जपानला जायच्या आधी काही वर्षं गोव्यात होता) लिहितो की जपानी लोक लढताना घोड्यावरून उतरतात. त्यामुळे युरोपातल्या नाइटसारखी धडक सामुराईला देणं जड जातं, पण पूर्व जपानातल्या फौजांना घोड्यावरून लढूच न देणं हेही दुसरं टोक.

युनिट कसं बांधावं याला चांगला आधार म्हणजे पूर्व जपानातल्या होजो या सरदार घराण्याच्या हजेरी-याद्या. 1572 च्या एका यादीत 36 माणसं आहेत, त्यात 17 भालेवाले आणि बंदुका फक्त दोन. म्हणजे एका सरदाराची माणसं सरमिसळ यायची, मग रणांगणावर हत्यारानुसार वेगळी काढली जायची असं दिसतं. एका बेसवर (मिनिएचर चिकटवायच्या तळपट्टीवर) एकच हत्यार ठेवणाऱ्या रूल्सना हे दाखवणं अवघड जातं.

शिस्तीबाबत दोन गोष्टी हव्यातच. एक, मुंडकी: बक्षीस मुंडक्यावर ठरायचं, त्यामुळे जिंकलेलं पथक तिथेच रेंगाळायचं, आणि ओकेहाझामाला (1560) नोबुनागाने मुंडकी न घेता पुढे चला असा हुकूम दिल्याचं ओता सांगतो. दुसरी, निष्ठा: सेकिगाहाराला (1600) कोबायाकावा हिदेआकी ऐन लढाईत फिरला आणि त्याच बाजूच्या मोरींची फौज नानगू डोंगरावर बसूनच राहिली, तेव्हा 'मरेपर्यंत स्वामिनिष्ठ' म्हणून सरसकट मोराल (मनोधैर्याचे गुण) वाढवणं चूक, दोस्त सरदार हलणार की नाही हे फाशावर सोडावं.

इक्को-इक्कीसारख्या (बौद्ध पंथाच्या अनुयायांच्या) धार्मिक फौजांना बहुतेक रूल्स कडवे भालेवाले म्हणून उरकतात. परक्या शत्रूशी तोलायचं तर कोरियाची मोहीम (1592–98) सगळ्यात न्याय्य, तिथे जपानी बंदुका, चीनच्या मिंग राजवटीच्या तोफा आणि घोडदळ खरोखर समोरासमोर आले: प्योंगयांग 1593 च्या फेब्रुवारीत जपान्यांच्या हातून गेलं आणि त्याच महिन्याअखेरीस ब्योकजेग्वानला मिंग घोडदळाला मागे हटावं लागलं.