पी. यू. चित्रा: लंडनची हुकलेली शर्यत आणि त्यामागचा नियम

केरळच्या शालेय ॲथलेटिक्सची चुरस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पालक्काड जिल्ह्यातल्या मुंडूर आणि परळी (बीडची नव्हे) या गावांची नावे नवी नाहीत. पी. यू. चित्रा मुंडूरची. आईवडील शेतमजूर, प्रशिक्षक गावातल्याच शाळेचे क्रीडाशिक्षक. शालेय राष्ट्रीय स्पर्धांत १५००, ३००० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके, मग २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत १५०० मीटरचे सुवर्ण, इथपर्यंतची वाट केरळमधून आलेल्या इतर धावपटूंसारखीच होती. तिचे नाव देशभर झाले ते २०१७ च्या जुलै महिन्यात, आणि त्याला पदकापेक्षा वादच अधिक कारणीभूत ठरला.

आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा त्या वर्षी रांचीला व्हायची होती. ती भुवनेश्वरला हलवली गेली आणि कलिंगा स्टेडियम घाईघाईने सज्ज करण्यात आले. ७ जुलैला चित्राने १५०० मीटर ४ मिनिटे १७.९२ सेकंदांत जिंकले. लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठीचा पात्रता निकष ४:०७.५० होता. म्हणजे ती दहा सेकंदांहून अधिक मागे होती आणि या पल्ल्यात दहा सेकंद फार होतात. अजिंक्यपदाच्या शर्यती मात्र घड्याळासाठी धावल्या जात नाहीत. सुरुवातीला सगळ्या एकमेकींवर नजर ठेवून असतात आणि खरी शर्यत शेवटच्या फेरीत होते. तिथली वेळ धावपटूची कुवत पूर्णपणे सांगत नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय महासंघाने खंडाच्या विजेत्यांसाठी वेगळी तरतूद ठेवली होती. आशियाई, आफ्रिकी किंवा दक्षिण अमेरिकी विजेता निकषापर्यंत पोहोचला नसला, तरी तो जागतिक स्पर्धेसाठी पात्र धरला जाई. त्यातही दोन पोटप्रकार होते. १५०० मीटरसारख्या ट्रॅकवरच्या बहुतेक शर्यतींत ही पात्रता आपोआप मिळे. १०,००० मीटर, ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत), उड्या आणि फेकीचे प्रकार, हेप्टॅथलॉन (सात प्रकारांची एकत्रित स्पर्धा) यांत मात्र स्पर्धेच्या तांत्रिक प्रतिनिधींची संमती लागे. सगळ्यात खाली आणखी एक ओळ होती: विजेत्याला पाठवायचे की नाही, याचा अंतिम अधिकार त्याच्या देशाच्या महासंघाचा, आणि तो देशांतर्गत निवड पद्धतीनुसार वापरायचा.

पुढचे सगळे रामायण या शेवटच्या ओळीमुळे घडले. बातम्यांतून ‘चित्रा थेट पात्र’ असे छापून आले. ते खरे होते, पण अर्धेच. पात्र ठरवण्याचे काम नियमाने केले, प्रवेशिका भरण्याचे काम देशाकडे ठेवले. भारतीय महासंघाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी नेमके याच ओळीवर बोट ठेवले. ‘देशांतर्गत निवड पद्धती’ नेमकी कोणती, हे मात्र त्यांनी तेवढ्याच ठामपणे सांगितले नाही.

२३ जुलैला २४ जणांचा संघ जाहीर झाला. भुवनेश्वरच्या तीन सुवर्णविजेत्यांची नावे त्यात नव्हती: चित्रा, पुरुषांच्या १५०० मीटरचा विजेता आणि स्टीपलचेसची विजेती. निवड समितीचे म्हणणे होते की चित्राची कामगिरी जागतिक दर्जाच्या जवळपासही नाही आणि तिच्यात सातत्य नाही. भुवनेश्वरनंतर काही दिवसांतच गुंटूरच्या आंतरराज्य स्पर्धेत ती दुसरी आली होती, हा त्यांचा हुकमी मुद्दा. तो अगदीच पोकळ नव्हता. नुसते सहभागी व्हायला कशाला पाठवायचे, असे म्हणणारे माजी खेळाडूही होते.

पण हीच फुटपट्टी सर्वांना लागली का? पुरुषांच्या ५००० मीटरचा आशियाई विजेता लंडनच्या संघात होता. त्याची भुवनेश्वरची वेळ निकषापेक्षा तब्बल दीड मिनिट मागे होती. ती डावपेचांची शर्यत होती हे मान्य, पण चित्राचीही तशीच होती. हेप्टॅथलॉनची विजेतीही निकषाच्या गुणांपर्यंत न पोहोचता संघात आली, आणि तिच्या प्रकारात तर तांत्रिक प्रतिनिधींची संमती आवश्यक होती. या दोघांना पाठवणे चूक होते असे कोणीच म्हणत नव्हते. चित्राला वगळण्याचे कारण त्यांना का लागू झाले नाही, इतकाच प्रश्न होता.

याच स्पर्धेतली ८०० मीटरची शर्यतही आठवावी. महाराष्ट्राची धावपटू पहिली आली होती, पण अडथळा आणल्याच्या तक्रारीवरून ती बाद झाली आणि सुवर्ण श्रीलंकेच्या धावपटूला गेले. या श्रीलंकेच्या धावपटूची वेळ २ मिनिटे ५ सेकंदांच्या पुढची, निकष २:०१.००. श्रीलंकेने तिला लंडनला धाडले.

चित्रा केरळ उच्च न्यायालयात गेली. २८ जुलैला न्यायालयाने तिचा सहभाग निश्चित करण्याचा आदेश दिला. तोवर प्रवेशिकांची मुदत संपून चार दिवस झाले होते. भारतीय महासंघाने आंतरराष्ट्रीय महासंघाला विनंती पाठवली आणि मुदतीचेच कारण देऊन ती फेटाळली गेली. संघ मुदतीच्या आदल्या दिवशी जाहीर करायचा, मग मुदत संपली म्हणायचे, यात दाद मागायला जागाच उरत नाही. त्यातच वगळलेल्या स्टीपलचेस विजेतीचे नाव लंडनच्या प्रवेशयादीत झळकले. नाव काढायचे राहून गेले, असा खुलासा झाला आणि तीही धावली नाही. प्रकरण अवमान याचिकेपर्यंत गेले. ४ ऑगस्टला, स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, महिलांच्या १५०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या झाल्या.

सप्टेंबरमध्ये चित्राने अश्गाबातच्या आशियाई इनडोअर स्पर्धेत १५०० मीटरचे सुवर्ण घेतले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४:१२.५६ अशा वेळेसह कांस्य मिळाले. तिच्या पुढे होत्या त्या दोघी बहारीनच्या, जन्माने इथिओपियाच्या. पुढच्या एप्रिलमध्ये दोहात आशियाई अजिंक्यपद तिने राखले, वेळ ४:१४.५६. दुसरी आली ती जकार्तात रौप्य घेतलेली बहारीनची तीच धावपटू, पाव सेकंदाने मागे. सातत्याचा आक्षेप घेणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर काय द्यायचे?

२०१९ च्या जागतिक स्पर्धेचा निकष ४:०६.५० असा आणखी कडक झाला होता. चित्राची वेळ त्याच्या आसपास नव्हती. तरीही यावेळी महासंघाने आशियाई विजेती म्हणून तिचे नाव पाठवले. धावपटू तीच, पल्ला तोच आणि विजेत्यांसाठीची तरतूदही तीच. ही स्पर्धाही दोहातच होती आणि तिथे ती प्राथमिक फेरीत ४:११.१० धावली. तोपर्यंतची ही तिची सर्वोत्तम वेळ होती, पण उपांत्य फेरीसाठी पुरेशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी लंडनला गेली असती, तर तिथेही बहुधा हेच झाले असते.

टोकियो ऑलिंपिकसाठी निकष थेट ४:०४.२० झाला, सोबत जागतिक क्रमवारीतून पात्र होण्याचा मार्गही आला. चित्रा तिथे पोहोचली नाही. देशातही तोवर पंजाबची एक तरुण धावपटू तिच्यापुढे गेली होती. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वारंगळला या पंजाबच्या धावपटूने ४:०५.३९ वेळ नोंदवून २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेतला ४:०६.०३ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. बुसानच्या त्या विक्रमी शर्यतीचे सुवर्णही उत्तेजक चाचणीच्या वादात आधी काढून घेतले गेले होते आणि नंतर परत मिळाले होते.