थडग्यातले खून : एट्रुस्कन रहस्यकथांची पार्श्वभूमी

रोमच्या वायव्येला तार्किनिया नावाचं गाव आहे. रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांचं हे एक ठाणं. गावाबाहेरच्या माळाखाली खडकात कोरलेली सुमारे ६,००० थडगी आहेत आणि त्यांतल्या दोनेकशेंच्या भिंती रंगवलेल्या. १८७८ साली सापडलेल्या एका थडग्यात दाढीवाला मुखवटा चढवलेला माणूस रंगवलाय. त्याच्या हातात लांब दोरी, दोरीला बांधलेला कुत्रा. समोरच्याच्या डोक्यावर पोतं घातलेलं. हातात सोटा आहे, पण मारणार कुणाला? दिसतंय कुठे? कुत्रा त्याचे लचके तोडतोय, अंगावरून रक्त ओघळतंय. मुखवटेवाल्याशेजारी नाव लिहिलंय : फेर्सू. चित्र इसवी सनापूर्वी ५३० च्या आसपासचं.

हा खेळ होता की मृताच्या नावाने दिलेला बळी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं!

त्यात भाषेची अडचण. एट्रुस्कन लिपी ग्रीक वळणाची, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. अर्थ मात्र थोडक्याच शब्दांचा पक्का लागतो. लॅटिनशी तिचं नातं नाही आणि या लोकांचं साहित्य जवळपास सगळं नाहीसं झालं. उरली ती मुख्यतः थडगी. पुढच्या शतकांत तिथल्या भिंतींवर हातोडा घेतलेला खारून आला, चोच आणि साप मिरवणारा तुखुल्खा आला, दोघेही मृत्युलोकातले राक्षस.

थडगी उघडणाऱ्यांनीही भर घातली. १८५७ मध्ये वुल्ची इथलं मोठं थडगं फोडलं तेव्हा हजर असलेल्या नोएल दे व्हेर्झे यांनी लिहून ठेवलंय की आत योद्धे जसेच्या तसे पहुडलेले दिसले, आणि हवा लागताच काही मिनिटांत देह, वस्त्रं, रंग सगळ्याची माती झाली. यात डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि लेखणीने रंगवलेलं किती, कोण सांगणार? पण भुयारात शिरताच काहीतरी विरून जाण्याचं दृश्य तेव्हापासून चलनात आलं ते आलंच.

गुन्ह्याची बाजूही कल्पनेतली नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९१५ ते १९२१ दरम्यान एट्रुस्कन योद्ध्यांचे म्हणून तीन भव्य मातीचे पुतळे विकत घेतले. १९६१ साली आल्फ्रेदो फिओराव्हान्ती या कारागिराने कबुली दिली की ते आम्हीच भाजले. पुरावा म्हणून त्याने एका पुतळ्याचा तुटका अंगठा जपून ठेवला होता.

चोरी तर तिथे धंदाच. थडगी फोडणाऱ्यांना इटलीत ‘तोम्बारोली’ म्हणतात. लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसायची, खाली पोकळ लागलं की रात्री खणायचं. १९६९ साली इटलीच्या काराबिनिएरी या पोलीस दलाने अशा चोऱ्यांसाठी खास पथक उभं केलं. तरी १९७१ च्या डिसेंबरात चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून एक मोठं भांडं गेलं आणि १९७२ मध्ये त्याच मेट्रोपॉलिटनने ते दहा लाख डॉलरना घेतलं. लेबनॉनमधल्या जुन्या संग्रहातलं आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं.

त्याच १९७२ साली आर्मांदो क्रिस्पिनोचा चित्रपट आला. नावाचा अर्थ ‘एट्रुस्कन पुन्हा खून करतो’. थडग्याचा शोध लागतो आणि जोडप्यांचे खून पडू लागतात, तुखुल्खाला बळी दिल्यासारखे. इटलीत या प्रकाराला ‘जाल्लो’ म्हणतात, म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या, त्यावरून. (आपल्याकडची पिवळी पुस्तकं वेगळी. ती उशीखाली ठेवायची.) १९८२ साली सर्जिओ मार्तिनोने पुन्हा एट्रुस्कन दफनभूमीतला खून पडद्यावर आणला; तो पाहायचा राहिला तरी फार बिघडत नाही.

माझ्या मते या कथांमध्ये भुताखेतांचा भाग सगळ्यात कच्चा असतो. पक्का असतो तो व्यवहार : कुणी खणलं, कुणी धुतलं, कुणी कागद बनवले. १९९५ मध्ये जिनिव्हातल्या गोदामावर छापा पडला तेव्हा हजारो पोलरॉइड फोटो सापडले. काहींत भांड्यांवरची माती अजून निघालेली नव्हती. पोलिसांना दुवे मिळाले ते तिथे.

ते दहा लाखांचं भांडं २००८ साली इटलीला परत मिळालं. आता ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. भांडं मुळात अथेन्सचं, युफ्रोनिओसने रंगवलेलं, एट्रुस्कन माणसाने हौसेने मागवलेलं. त्यावर ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेदोन या ग्रीक पुराणातल्या वीराचं प्रेत आहे. निद्रा आणि मृत्यू हे दोघे पंखवाले भाऊ ते उचलतायत, आणि जखमांमधून रक्त अजून वाहतंय.