देनालीची बस: ट्रान्झिट घ्यावी की टूर?

अलास्कातल्या देनाली राष्ट्रीय उद्यानात रस्ता एकच, ९२ मैलांचा. उन्हाळ्यात स्वतःची गाडी पहिल्या १५ मैलांपर्यंत, म्हणजे सॅव्हेज नदीपर्यंतच नेता येते. पुढे बसनेच जावं लागतं, आणि तिकीट काढताना गोंधळ होतो तो इथेच. ट्रान्झिट (नुसती ने-आण करणारी बस) आणि टूर (मार्गदर्शकासह फेरी) दोन्हींचं बुकिंग एकाच ठिकाणी होतं, त्यामुळे टूर महाग म्हणजे प्राणी जास्त दिसणार, असा समज होतो. रस्ता तोच असल्यामुळे अस्वलं, कॅरिबू आणि मूस ही मोठी हरणं आणि पांढऱ्या रानटी डॉल मेंढ्याही त्याच. कोणाला काय दिसेल, हा नशिबाचा भाग.

खरा फरक खाली उतरण्यात आहे. हिरव्या ट्रान्झिट बसमधून वाटेत जवळपास कुठेही उतरता येतं, हवं तेवढं चालता येतं आणि मग रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या कुठल्याही हिरव्या बसला हात दाखवता येतो. मात्र जागा असेल तरच बस घेते. एकटादुकटा माणूस सहज सामावतो, पाचजणांच्या कुटुंबाला मात्र दोनतीन बस सोडाव्या लागू शकतात, किंवा वेगवेगळ्या बसमधून परतावं लागतं. म्हणून शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नये. परतीचं वेळापत्रक उतरण्याआधीच चालकाला विचारून घ्यावं. जवळ प्राणी असेल तर चालक उतरू देत नाही. सेबल पास भागात ग्रिझली अस्वलांमुळे रस्ता सोडून चालायलाच बंदी आहे. इतरत्र अस्वलापासून किमान ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर अंतर ठेवावं लागतं.

तपकिरी टूर बसमध्ये चालकच निसर्ग-मार्गदर्शक असतो आणि वाटभर माहिती सांगतो. खाण्याचा डबा मिळतो, पण शाकाहारी असाल तर स्वतःचं काही बरोबर असू द्या. थांब्यांवर पाय मोकळे करता येतात, पण परतायचं त्याच बसने. ट्रान्झिटचे चालकही बरंच काही सांगतात, पण तो त्यांच्या कामाचा भाग नाही. प्राणी दिसला की दोन्ही बस थांबतात. ट्रान्झिटमध्ये खाणंपिणं आपलंच. वाटेत काही विकत मिळत नाही, त्यामुळे पाणी भरपूर घ्यावं. भाडं टूरच्या एक-तृतीयांशाहूनही कमी पडतं.

भारतातून आलेल्या आईवडिलांना चालणं झेपत नसेल आणि इंग्रजी निवेदन समजत असेल, तर टूरचे पैसे वसूल होतात. निवेदन डोक्यावरून जाणार असेल तर ट्रान्झिटच बरी. न उतरता बसून राहिलं तरी तेच दिसतं.

दोन्ही बसमध्ये एक अडचण सारखीच आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये प्रिटी रॉक्स इथल्या भूस्खलनाने रस्ता तुटला आणि तेव्हापासून बस रस्त्याच्या ४३व्या मैलाला वळून परत येऊ लागल्या. पूल होऊन रस्ता खुला होईपर्यंत त्यापुढचं आयल्सन पर्यटक केंद्र आणि वंडर लेक हे तळं विसरा. जुन्या प्रवासवर्णनांतले फोटो बऱ्याचदा तिथले असतात, म्हणून बुकिंगआधी रस्त्याची ताजी स्थिती पाहा.

मग देनालीचं २०,३१० फुटांचं शिखर दिसतं का? आकाश स्वच्छ असेल तर पहिल्यांदा मैल ९ च्या आसपास दिसतं, तेही शंभराहून अधिक किलोमीटरवरून. पण बहुतेक पर्यटकांना ते ढगांमुळे दिसतच नाही. त्यामुळे शिखरासाठी महाग बस घेणं मला व्यर्थ वाटतं. त्यापेक्षा सकाळची बस आणि जाताना डावीकडची खिडकी मिळवण्याची खटपट करावी.

सॅव्हेज नदीपर्यंतची फुकट शटल ही तिसरीच गोष्ट. ती मैल १५ च्या पुढे जात नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर पुढचा बेत आखू नका. आणि लहान मूल बरोबर असेल, तर बस कुठलीही असो, अलास्काच्या कायद्याप्रमाणे बालआसन लागतं. त्याची सोय निघण्याआधीच करावी.